हरभऱ्याचा पाव

यंदा आमच्या मिरजगावच्या रानात हरभरा मन लावून आलाय. सकाळी दार उघडलं की हायवेच्या पलीकडून त्याचा वास घरात येतो. ओला, आंबटसर, जिभेच्या कडेला पाणी आणणारा. गाड्यांचा धूर त्याला रोज दाबायला बघतो, पण ऊन वर येईपर्यंत तो काही हटत नाही. मी ओट्यावर बसून राहतो. चहा मीच करतो, मीच पितो. कधीकधी पातेल्यात दुसऱ्या कपाचं पाणी चुकून पडतं. मग तोही कप मीच पितो. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

नगरहून थोरल्या पोराचा फोन येतो. "दादा, थंडी वाढलीय. या की इकडं. एकटे काय करताय तिथं?"

"भट्टी हाय माझी," मी म्हणतो.

तो हसतो. हसू दे. भट्टी म्हणजे आता मागच्या अंगाला उरलेला मातीचा घुमट. एका बाजूनं खचलाय, दुसऱ्या बाजूला मांजर विते. आठवड्यातून एकदा बाभळीची फाटी घालून मी ती तापवतो. चार लाद्या पाव निघतात. दोन शेजारी जातात, एक नगरला, एक मला. तरी भट्टी ती भट्टी.

"भट्टी हाय माझी" हे मी आधीही एकदा म्हटलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात. त्या वेळी ऐकणारी हसली नव्हती.

तिसरी इयत्ता मी काही पुरी केली नाही. मास्तरांनी हात उगारला, मी पाटी तिथंच ठेवली आणि परत गेलो नाही. पुढं नगरला लष्कराच्या छावणीजवळ एका भट्टीवर राहिलो आणि पाव शिकून गावी आलो. सोलापूरच्या रस्त्यावर गाड्या थांबायच्या, चहाची दुकानं होती, पाव खपणार हे मला दिसत होतं. वडलांना दिसत नव्हतं. शेतकऱ्याच्या पोरानं पाव भाजायचा म्हणजे त्यांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट. पावाचं पीठ पायानं तुडवतात असं तेव्हा गावात घरोघर सांगत. मी भट्टीचं दार सताड उघडं ठेवून मळायला बसायचो, बघा म्हणायचो, हे हात, हे पाय. वडील मरेपर्यंत त्यांनी पाव तोंडात घातला नाही. मीही मरेपर्यंत भट्टी सोडणार नव्हतो. दोघं एकाच मातीचे.

बहात्तर साली मात्र मातीच राहिली, दुसरं काही राहिलं नाही. दिवाळी झाली तरी रानात हिरवं पान नव्हतं. हिरवा रंग कसा असतो हे लुगड्याच्या काठावर बघायचं. सकाळ झाली की गाव उठून खडी फोडायला जायचं, पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळी. दिवसा गावात कुत्री आणि मी. लांबून हातोड्यांचा आवाज यायचा, टक टक टक, जसं काही सगळं गाव एकाच दाराची कडी वाजवतंय आणि आतून कुणी उघडत नाही. संध्याकाळी माणसं यायची ती भुवयांपर्यंत पांढरी. ओळखू यायची नाहीत. सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पुड्या, परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी. त्या भाकरीचा वास अजून आठवला की मी ताट बाजूला सारतो.

आमची विहीर आटली त्या आठवड्यात पार्वती, माझी बायको, दोन्ही पोरं घेऊन निघाली. तिचं माहेर राहुरीच्या बाजूला, पाटाच्या पाण्याखालचं. तिकडं ऊस उभा होता. तिच्या भावानं मला साखर कारखान्यात लावून द्यायचं कबूल केलं होतं.

"आवं, चला," ती म्हणाली. "पोरांच्या तोंडाकडं बघा."

"भट्टी हाय माझी हितं."

"भट्टी काय पळून जाती का?"

"थंड पडली की तडकती. खमीर मरतं."

तिनं धाकटीला काखेत घेतलं, थोरल्याचा हात धरला. दारात थांबली. "मग ऱ्हावा भट्टीपाशी. तिच्याच हातचं खावा, तिलाच हाका मारा." एसटीत बसली. मी थोरल्याला पाव दिला तर तो तिनं त्याच्या हातातून काढून घेतला नाही, परतही करायला लावला नाही. गाडी सुटली तेव्हा पोरगा खिडकीशी पाव धरून बसला होता, खात नव्हता.

मी गेलो नाही ते बरोबर केलं. आजही माझं म्हणणं तेच. पण घर कसं मोठं होतं ते मात्र मला तेव्हा कळलं. दोन खणांचं घर, आणि हाक मारली तर आवाज परत येईल असं वाटायचं. तिची कढई पालथी, तिचं जातं कोपऱ्यात. मी वस्तू हलवायचो नाही. झाडताना जात्याभोवतीनं झाडायचो.

मग मैदा कमी झाला. आधी पोती उशिरा यायला लागली, पुढं अर्धीच यायला लागली. रेशनचा लाल गहू दळून चाळून मिसळला तरी पुरेना. घरात हरभऱ्याचं पीठ थोडं उरलं होतं. म्हटलं, घालून बघू. गव्हात हरभरा म्हणजे काही विष नाही, आमच्या बाया चपातीत मूठभर घालतातच. घातलं. पीठ हाताला चिकटायला लागलं, ओघळायला लागलं. खमिरानं ते उचललंच नाही. भट्टीत वरून लगेच तांबडं झालं, मला वाटलं झाला. मोडला तर आत गिच्च, आणि कच्च्या डाळीचा उग्र वास.

रस्त्याच्या कामावरनं आलेल्या बायांनी तो उलटापालटा करून बघितला. शेजारची ठकूमावशी म्हणाली, "नामा, ह्यो खायाचा का कामावर मुकादमाला दाखवायचा? खडी म्हनून मापात बसंल." सगळ्या हसल्या. त्या महिन्यात गावात कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून मीही फार रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पाव केला. पुन्हा तसाच झाला.

तो एकच माणूस खायचा. गफूरभाई. नगरचा ड्रायव्हर. राहुरीकडून उसाचं वाढं भरून आमच्याकडच्या गुरांच्या छावणीला आणायचा आणि रिकामा ट्रक घेऊन परत जायचा. उसाचे हिरवे शेंडे ट्रकच्या दोन्ही अंगांनी लोंबत यायचे, आणि त्या भुऱ्या रस्त्यावर ते बघायला माणसं नुसती उभी राहायची. गफूरभाई माझा पाव चहात बुडवून, बराच वेळ बुडवून, खायचा.

"नामदेवराव," तो म्हणाला, "दात राहिले तर परत येतो. तुमच्या सासुरवाडीवरनंच माझा रस्ता. पोरांना धाडायचाय का काही?"

मी म्हटलं, "न्हाई." तो ट्रकपर्यंत गेला. मग मी हाक मारली.

राखून ठेवलेल्या शेवटच्या चोख मैद्याची एक लादी होती. मैद्याच्याच पोत्याचं एक फडकं होतं, त्यावर गिरणीची निळी अक्षरं धुऊन धुऊन अर्धी उरलेली. त्यात बांधून दिली. निरोप काही दिला नाही. काय देणार?

पुढच्या खेपेला फडकं परत आलं. कोपऱ्यांची घट्ट गाठ, ती नेहमी मारायची तशी. मी सोडली. आत पसाभर हरभऱ्याची डाळ, भाजलेली.

आमच्याकडं कुणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. साखर घालतात, दाणे घालतात, काहीच नसलं तर चिमूटभर मीठ. मुका रिवाज आहे. बोलणं बंद असलं तरी तो चालू राहतो. रिकामं भांडं परत आलं तर समजायचं, येणं-जाणं संपलं. म्हणून ती डाळ काही चिठ्ठी नव्हती. रिवाज होता. मी स्वतःला तसंच बजावलं, आणि चार दाणे तोंडात टाकले. खमंग होते. कच्चा वास औषधालासुद्धा नव्हता. तेव्हा डोक्यात आलं.

गिरणी मिलोनं बरबटलेली, तिथं एवढीशी डाळ कुठं दळणार? मी जातं ओढलं. माझ्या जन्मात मी जात्याला हात लावला नव्हता. खुंटा धरला आणि कळलं, ते दोघांनी ओढायचं असतं. ती शेजारणीला घेऊन बसायची, समोरासमोर, दोघींचे हात एका खुंट्यावर. माझ्यासमोर भिंत. अर्धा फेरा मी द्यायचो आणि उरलेला अर्धा आपला आपण यावा म्हणून जीव काढायचो.

ठकूमावशी कुडावरून डोकावली. "दळतूस व्हय रं? मग एक ववी तरी म्हन की. नुसता दम काय टाकतूस!"

"तू म्हन," मी म्हटलं. "तुला काय काम हाय?"

ती आली नाही, पण कुडाच्या पलीकडून खरंच म्हणायला लागली. भावाच्या घराची ओवी होती. मी मान वर केली नाही. पीठ दिसेनासं झालं होतं.

भाजलेल्या डाळीचं पीठ पाणी जास्त पितं. ते आधी वेगळं भिजवायचं, मुरू द्यायचं, मग कणकेत घालायचं. पाटीभर गव्हाला एखादी ओंजळच, त्याच्यावर लोभ करायचा नाही. मळायचं मात्र दुप्पट. आणि भट्टी जरा उतरल्यावर पाव आत सारायचा, कारण हरभऱ्याला रंग लवकर चढतो, तो फसवतो. हे मला कुणी सांगितलं नाही. हट्टानं कळलं. पाव मैद्याच्या पावाइतका कधी फुगला नाही, पण पिवळाधमक निघायचा, दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा, आणि पोटाला धरायचा. खडी फोडणारी माणसं मागून न्यायला लागली. ठकूमावशीनं अख्खा खाल्ला आणि म्हणाली, "खडी बरी झाली आता."

मग ते सुरूच झालं. गफूरभाईचा ट्रक यायचा, फडक्यात पाव जायचा, फडक्यात डाळ यायची. तिची डाळ माझ्या पिठात, माझा पाव तिच्या पोरांच्या पोटात. बोलणं एका अक्षराचं नाही. भट्टीसमोर एकटाच बसलेलो असायचो तरी ट्रकच्या हॉर्नकडं कान असायचा. लाकडं जळताना तोंडाला झळ लागायची आणि पाठ थंडीनं आखडायची. त्या थंडीत माझी पाठ कधी गरम झाल्याचं मला आठवत नाही.

माघाच्या सुरुवातीला गफूरभाई उतरला तो घुटमळत. "नामदेवराव, तुमचे मेव्हणे खोली बघतायत. वहिनी आन् पोरांसाठी. कारखान्याच्या चाळीत." मग फडकं काढलं. गाठ नव्हती. चौकोनी घडी. मी उलगडलं, झटकलं. काही नाही.

"रिकामंच?"

"तसंच दिलं. आन् म्हणाल्या, नीट न्या, भिजू देऊ नका."

"रिकाम्या फडक्याला काय भिजायचं हाय?" मी ओरडलोच. तो बिचारा चहा न पिता गेला.

फडकं खळ घातल्यासारखं कडक होतं. मला वाटलं, धुऊन वाळवून दिलंय, हिशेब मिटवताना माणूस भांडं घासून देतं तसं. फळीवर टाकून दिलं. पुढच्या खेपेला पाव दिला नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही.  पाव मात्र रोज भाजला, पिवळाच, फुटाणे विकत आणून त्यांचं पीठ घालून. तिची डाळ नाही म्हणून माझं काही अडलं नाही. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचो आणि समोर बघायचो, तर जातं. लोक म्हणतात एकटेपणा शांत असतो. मला तो तसा कधी भेटला नाही. चूल फुरफुरली तरी मी दाराकडं बघायचो.

पुढं एका पहाटे कणकेवर टाकायचं माझं नेहमीचं फडकं विस्तवात पडून जळलं. कणीक उघडी ठेवता येत नाही, वर पापुद्रा धरतो. हाताशी तेच होतं. फळीवरून ओढलं, पाण्यात बुचकळलं, पिळलं.

आणि भट्टीच्या त्या धुरकट खोपटात हरभऱ्याचं हिरवं रान उभं राहिलं.

तो वास! ओला, आंबट, जिभेच्या कडेला पाणी आणणारा. पिळलेलं पाणी मी बोटानं चाटलं. आंब होती.

ज्यांनी हरभरा केलाय त्यांना सांगायला नको. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर दव पडतं ते आंबट होतं. बाया पहाटे उठून त्यावर स्वच्छ फडकी पसरतात, भिजली की वाळवून ठेवतात. कुणाचं पोट दुखलं की फडकं पाण्यात भिजवायचं, पिळायचं, पाजायचं. लहानपणी माझ्या आईनं मला कितीदा पाजलीय. पण त्या साली आमच्याकडं हिरवं पान नव्हतं, मग आंब कुठून आठवणार! ते फडकं रिकामं नव्हतं. पार्वती पहाटेच्या थंडीत उठून पाटाकडच्या रानात गेली होती, वाकून ते पसरलं होतं, ओलं झालेलं उचललं होतं, वाळवलं होतं, पुन्हा पसरलं होतं. एका पहाटेत फडकं इतकं कडक होत नाही.

मी ते कणकेवर टाकलं. त्या दिवशीचा पाव जरासा आंबूस लागला. लोकांनी विचारलं, आज काय घातलंय? मी म्हटलं, काही न्हाई.

त्या खेपेला गफूरभाईला हाक मारायला मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. लादी बांधून दिली. "निरोप?" तो म्हणाला. मी म्हटलं, "फडकं भिजलं म्हनावं."

फाल्गुनात ती आली. ट्रकमधल्या वाढ्यावर बसून, दोन्ही पोरं कुशीत, आणि पायाशी हरभऱ्याचं गाठोडं. भावाकडच्या रानात काढणीला रोजानं गेली होती, मजुरी दाण्यात घेतली होती. उतरली ती सरळ भट्टीत. विस्तव बघितला, खमिराचं मडकं उघडून हुंगलं. मग म्हणाली, "जगलं म्हनायचं." खमीर का मी, ते बोलली नाही.

कितीतरी दिवसांनी जात्यावर दळताना मी विचारलं. हो, मी बसायचो तेव्हा समोर. अर्धा फेरा तिचा, अर्धा माझा.

"डाळ का न्हाई धाडली त्या वक्ताला?"

"माझ्या वैनीनं कोठीला कुलूप लावलं. म्हनली, हितं खाती आन् नवऱ्याला बी पोसती. मग माझं काय हुतं तिथं? दवाला कुनी कुलूप लावत न्हाई, म्हनून दव धाडलं." थोडा वेळ जातं फिरलं. "आन् तुमी पाव बंद केला. मी रोज रस्त्यावर जाऊन उबी ऱ्हायची."

"मला काय ठावं?"

"तेच," ती म्हणाली. "तुमाला भिजवल्याबिगर काय कळतंय?"

पुढं सुकाळ आला, मैदा आला, पांढरा पाव आला. तरी आमच्या घरचा पाव पिवळाच राहिला. लोकांना वाटायचं कंजूषपणा. वाटू दे.

पार्वतीला जाऊन आता दोन हरभरे झाले. मी हरभऱ्यावर मोजतो.

परवा पहाटे मी हायवे ओलांडला. हातात काठी आणि फडकं. ज्याचं रान त्याचा पोरगा पाण्याच्या पाळीवर होता, त्यानं बॅटरी मारली. "कोन हाय? आजोबा, तुमी? पोट दुखतंय का?"

"व्हय," मी म्हटलं.

तीन पहाटा गेलो. वाकताना कंबर बोलते, बोलू दे. फडकं चांगलं कडक झालं. मग भट्टी तापवली, पिवळा पाव काढला, त्या फडक्यात बांधला आणि नगरला जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती थोरल्याकडं धाडला. सोबत निरोप काही दिला नाही. थोरला तेव्हा ट्रकमधनं आईच्या कुशीत बसून आला होता, म्हटलं, त्याच्या हाताला कळेल.

काल फडकं परत आलं. पांढरंशुभ्र, इस्त्रीची घडी. पाठोपाठ सुनेचा फोन. पोरगी गुणाची आहे, दिवसभर नोकरी करते, वर घर बघते.

"दादा, पाव मस्त होता हं. मुलांनी लगेच संपवला. आणि ते फडकं किती कडक झालं होतं, वासही येत होता आंबट. मशीनला लावून दिलंय."

"बरं केलंस, पोरी," मी म्हटलं.

"आणि इकडं या ना राहायला. हे रोज म्हणतात."

"भट्टी हाय माझी."

फोन ठेवला. फडकं उलगडलं, झटकलं. नाकाशी नेलं. साबणाचा वास, फुलांचा असतो तसला. तरी मी ते पाण्यात भिजवलं. पिळलं. पाणी बोटानं चाटून बघितलं.

मग वळणीवर वाळत टाकलं. हरभरा हिरवा आहे अजून आठ-पंधरा दिवस. पहाटे पुन्हा जायचंय.